पहिली जुनी डिझेल गाडी घेताय? मग थंड इंजिनच बघा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, 'मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका.' गेल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिन खराब ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला सिलिंडर तापवणारे प्लग) आणि कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), दोन्ही लपवतं.

चालू केल्यावर धूर बघा:
- निळसर : ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा.
- पांढरा, इंजिन तापल्यावरही : इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट. सोडून द्या.

मग ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. थोडं थरथरणं ठीक. फकफक वाफा मारत उडत असेल तर रिंगा बहुधा गेल्यात.

नवखे हमखास चुकतात ते बीएस-६ मध्ये (धुराच्या प्रदूषणाचा नियम, एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या). डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला सलग हायवे लागतो. रोज ५ किलोमीटरच जाणार असाल तर सरळ पेट्रोल घ्या. डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या वर दिसलं, डिझेलचा वास आला, तर काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरलंय.

कंपनीच्या गाडीचं जास्त रनिंग बघून घाबरू नका. सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली लाखभर किलोमीटरची गाडी, नोंद नसलेल्या ४० हजारवालीपेक्षा मी केव्हाही आधी बघेन.