इंडेक्स आहे, तरी क्वेरी रखडते? कॉलमचा क्रम बघा

अडचण अशी दिसते: मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑर्डरचं मोठं टेबल, त्यावरचा इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवार यादी, (वेळ, पिनकोड) असा, आणि दादरच्या ४०००२८ मधल्या जूनच्या ऑर्डर काढताना क्वेरी रखडते.

इंडेक्स वापरला जातोय, पण त्यात नोंदी आधी वेळेने लावलेल्या आहेत. म्हणजे जूनमधली अख्खी मुंबई चाळून त्यातून दादर वेचायचं. क्रम (पिनकोड, वेळ) करा. मग ४०००२८ च्या नोंदी सलग मिळतात, त्याही वेळेनुसार. १ जूनपाशी थेट उतरायचं, १ जुलै आला की थांबायचं. 'बरोबर'ची (=) अट असलेला कॉलम आधी, रेंजचा, म्हणजे 'पासून-पर्यंत'च्या अटीचा, नंतर. 'ज्यात वेगवेगळी मूल्यं जास्त तो कॉलम पुढे' हा सरधोपट सल्ला इथे गुंडाळून ठेवा.

एकदा रेंज लागली की पुढचा कॉलम वाचायचा पट्टा आखडत नाही. रक्कम ५०० च्या वर अशी दुसरी रेंज असेल, तर (पिनकोड, वेळ, रक्कम) मध्ये रक्कम फक्त चाळणीचं काम करते. तेही कमी नाही, ५.६ आवृत्तीपासून ही चाळणी इंडेक्समध्येच लागते, त्यामुळे टेबलातल्या ओळी उगाच उचलाव्या लागत नाहीत.

आता एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) चालवून त्यातलं की_लेन, म्हणजे इंडेक्सचे किती बाइट वापरले जातात, ते बघा. पिनकोड इंट म्हणजे ४ बाइट, वेळ डेटटाइम म्हणजे ५, दोन्ही नॉट नल (रिकामे न राहणारे). नव्या इंडेक्सवर ९ दिसायला हवं. ४ दिसलं तर वेळेची अट इंडेक्सपर्यंत पोचलीच नाही. बहुतेकदा कॉलमवर डेट() किंवा मंथ() गुंडाळलेलं असतं. कॉलम मोकळा ठेवा: वेळ >= १ जून आणि वेळ < १ जुलै. बिटवीनमध्ये शेवट नुसता '३० जून' लिहिलात तर त्या दिवशी मध्यरात्रीनंतरचा सगळा धंदा रिपोर्टमधून गळतो. जुन्या क्रमाच्या बाबतीत मात्र की_लेनवर विसंबू नका; >= असेल तर तिथेही ९ दिसू शकतं. तिथे 'रोज' (rows, अंदाजे किती ओळी वाचाव्या लागतील) या रकान्यातला आकडा बघा.

वेळेने ऑर्डर बाय असेल तर नव्या क्रमात फाइलसॉर्टही, म्हणजे ओळी वेगळ्याने क्रमात लावण्याचं कामही, जातं. पण इन (४०००२८, ४०००५०) लिहिलंत की दोन वेगळे पट्टे होतात आणि सॉर्ट परत येतं. लिमिट (किती ओळी हव्यात तो आकडा) लहान असेल तर प्रत्येक पिनकोडची क्वेरी आपापल्या ऑर्डर बाय आणि लिमिटसह कंसात घालून युनियन ऑलने निकाल जोडा, वर पुन्हा तेच ऑर्डर बाय आणि लिमिट.

जुना इंडेक्स लगेच उडवू नका. पिनकोड न देता दिवसभराचा हिशोब काढणारा रिपोर्ट कुठे चालू असेल, तर तो त्याच्यावरच उभा आहे.