टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाला पोटाचा काहीच त्रास नाही, तरी सिलिॲकची तपासणी करायची का?

ताई, करा. या आठवड्यातच करा. (सिलिॲक म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा रोग.) आणि "तोवर पोळी बंद करून बघू का, शुगर सुधारते का" असं तुम्ही पुढे विचारलंय, तर तपासणी होईपर्यंत पोळी अजिबात बंद करू नका. गहू पोटात जात असतानाच ही तपासणी खरी निघते. आधीच पोळी सोडली तर रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे तपासणीत जे मोजतात ते, उतरतात, रिपोर्ट चांगला येतो आणि रोग तसाच राहतो.

एवढ्या ठामपणे का सांगतोय तेही सांगतो. पंढरपुरात आमची पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळेपासून. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप १ निघाला. तेव्हा सिलिॲकची तपासणी झाली होती. निगेटिव्ह आली, कागद फायलीत गेला. ही तपासणी एकदा करून भागत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. डायबेटिस निघाल्यावर लगेच, मग दोन वर्षांनी, मग पाच वर्षांनी अशी ती करायची असते, कारण बहुतेक मुलांत सिलिॲक या पहिल्या पाच वर्षांतच निघतो. साध्या मुलांत शंभरात एखाद्याला असेल, टाइप १ च्या मुलांत शंभरात पाचेक जणांना. दोन्ही रोगांचा कल आईबापांकडून येणाऱ्या त्याच जनुकांत असतो. आणि यातल्या बऱ्याच मुलांना तुमच्या मुलासारखाच पोटाचा काहीच त्रास नसतो. त्यामुळे "त्रास नाही" याचा काही उपयोग नाही.

डायबेटिस निघाल्यावर तिसऱ्या वर्षी मुलीची शुगर विचित्र व्हायला लागली. रात्री दोन पोळ्या आणि वरणभात खाऊन उठली की तासाभरात ६०, कधी ५२. डॉक्टर सांगतील तसं इन्सुलिन कमी करत दिवसाला १७ युनिटवरून ११ वर आलो. घरात सगळे खूश. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, कुठून तरी काढा आणून दिला होता. त्यांना वाटलं काढ्याचा गुण आला, रोग परतला. मीही काही दिवस तेच धरून बसलो. बायको मात्र रोज म्हणायची, "अहो, हिला दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून बसतोय."

ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "इन्सुलिन कोण देतं? नीट मोजून देता ना?" त्यानंतर ती कितीतरी रात्री झोपली नाही. सिरिंज भरली की मला उठवून दाखवायची, तुम्ही बघा, बरोबर आहे ना. हिमोग्लोबिन ८.४ होतं. लोहाचं औषध तीन महिने पाजलं, ते हललं नाही. "मुलगी नीट जेवत नाही," एवढंच ऐकायला मिळालं.

शेवटी सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी उंचीचे जुने आकडे मागितले. वर्षभरात दीड सेंटिमीटर. त्यांनी टीटीजी आयजीए, म्हणजे सिलिॲकच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी, काढायला सांगितलं आणि सोबत टोटल आयजीए. हे सोबतचं विसरू नका; काही मुलांच्या अंगात आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) मुळातच कमी बनतं, मग पहिला रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. हिचं टीटीजी मर्यादेच्या दहापटीच्याही वर गेलं होतं. पुण्याला एंडोस्कोपी झाली. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्न तेच शोषून घेतात. तिचे सपाट झाले होते. पोळी पोटात जायची पण रक्तात वेळेवर उतरायची नाही, इन्सुलिन मात्र आपल्या वेळेला काम करून जायचं. म्हणून जेवल्यावर शुगर पडत होती. माझ्या बायकोच्या हाताची चूक कधीच नव्हती. त्या पहिल्या डॉक्टरांना हे मी आजवर सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

गहू बंद. आमच्या भागात त्यात अवघड काय? शेजारीच मंगळवेढा, ज्वारीचं आगर. आमची आजी सणालाच पोळी करायची, एरवी भाकरी. बायकोनं रोज ज्वारीची भाकरी सुरू केली. पीठ अर्थातच आमच्या गिरणीतलं.

सहा महिन्यांनी टीटीजी परत काढलं तर ते जेमतेम उतरलेलं. शाळेत कुणाच्या डब्यातलं खातेस का, म्हणून मी मुलीला फैलावर घेतलं. ती रडून "नाही" म्हणत राहिली. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दळण कुठे देता?" मी म्हणालो, आमचीच गिरणी आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "त्यात गहूही दळता का?"

घरी आलो आणि रात्री गिरणी बंद करून उघडली. दिवसभर गहू दळला होता. दगडातून, नरसाळ्यातून, तोंडाच्या कापडी पिशवीतून ब्रशनं झाडून पीठ काढलं आणि काट्यावर ठेवलं. २५० ग्रॅम. हे सगळं माझ्या लेकीच्या ज्वारीत जात होतं. आता हिशेब बघा. ज्यावर ग्लूटेन-फ्री लिहायचं त्यात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, हा आपल्याकडचा सरकारी नियम आहे. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाची ग्रॅमभर चिमूट पडली तरी मर्यादा चार-पाच पट ओलांडली. आणि रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, हे रुग्णांवर तपासून पाहिलेलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ.

आमच्याकडे उपवासाची चक्की वेगळी आहे. पंढरपूर म्हटल्यावर ती असणारच. एकादशीला राजगिरा, वरई, शिंगाडा यांची दळणं रांग लावून येतात. त्या चक्कीत दुसरा दाणा पडत नाही. मी अण्णांना म्हणालो, हिची ज्वारी त्यात दळू. ते म्हणाले, "उपवासाच्या चक्कीत ज्वारी? गिऱ्हाईक परत पायरी चढणार नाही." मी म्हणालो, मग मोठी गिरणी सोमवारी सकाळी धुऊनपुसून आधी हिचं दळण काढू, गहू दुपारनंतर. त्यावर अण्णा म्हणाले, "चिमूटभर पिठानं काय होतंय? पिढ्यान् पिढ्या आपण गहूच दळतोय." घरात चार महिने हाच वाद चालला, आणि आजही तो मिटलेला नाही. ते हे वाचत असतील तर वाचू देत. अण्णा, एका दाण्यानं माणसाचा उपवास मोडतो हे तुम्हाला पटतं, त्यासाठी तुम्ही वेगळी चक्की, वेगळा ब्रश, वेगळी पोती ठेवता. ते बरोबरच आहे, मीही ठेवीन. मग चिमटीनं पोरीचं आतडं बिघडतं हे का पटत नाही?

मी घरघंटी विकत घेतली. गिरणी असलेल्या माणसानं घरघंटी घेतली म्हणून लोक बोलले. ती घरात आहे, गिरणीत नाही, कारण गिरणीच्या हवेतच गव्हाचं पीठ असतं. तिच्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ एवढंच. ज्वारी ताटात घेऊन निवडावी लागते, कारण गहू काढलेल्या मळणी यंत्रातूनच ती आलेली असते आणि किलोत दोन-चार दाणे सापडतातच. मी संध्याकाळी अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलीला जवळ घेत नाही. वर्ष उलटल्यावर टीटीजी मर्यादेत आलं. त्या वर्षात ती सात सेंटिमीटर वाढली.

पोळी सोडून शुगर सुधारते का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आमच्याकडे ते शुगर पडणं थांबलं, पण इन्सुलिन ११ वरून १९ वर गेलं. नातेवाईक म्हणाले रोग वाढला. रोग वाढला नव्हता, अन्न अंगी लागायला लागलं होतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) मात्र फारसा बदलला नाही, आणि त्या आशेनं हे पथ्य करू नका. तांदळाच्या आणि साबुदाण्याच्या पदार्थांनी शुगर पोळीपेक्षा भरभर चढते. उपवासाचं सगळं ग्लूटेन-फ्री म्हणून साबुदाण्याची खिचडी रोज दिलीत तर पस्तावाल.

खपली गहू चालतो असं कुणी सांगेल. खपली पण गहूच आहे. सातूचं पीठ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी यांत गहू असतो. बाजारातल्या बांधानी (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, ते आम्हाला वर्षभर ठाऊक नव्हतं. शुगर लो झाली की आपण बिस्किट देतो, तेही गेलं. आम्ही ग्लुकोजची पावडर देतो आणि मग केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. प्रसादाच्या शिऱ्याला हात जोडायचे, खायचा नाही. पुजाऱ्यानं डोळे वटारले तरी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. टीटीजी थोडंसंच वाढलेलं असेल आणि मुलाला त्रास नसेल, तर काही मुलांत ते गहू चालू असताना आपोआप उतरतं, म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी परत काढायला सांगतात. तेव्हा घाबरून लगेच पथ्य सुरू करू नका, आणि इन्सुलिन स्वतःच्या मनानं कमीजास्त करू नका.

धाकटी मुलगी आहे असं तुम्ही लिहिलंय. मोठ्याचं पॉझिटिव्ह आलं तर तिचंही काढा, डायबेटिस नसला तरी. रिपोर्ट आला की इथे खाली लिहा, आणि टीटीजीच्या आकड्याशेजारी लॅबनं छापलेली मर्यादाही लिहा. ती प्रत्येक लॅबची वेगळी असते, नुसत्या आकड्यावरून मला काही सांगता येणार नाही.