आजोबांची बदली झाली, की पलटणीचे नाव बदलले?

प्रश्न : माझे आजोबा बेळगावच्या मराठा सेंटरमधून भरती झाले आणि 1948 मध्ये जम्मूतल्या झांगरच्या लढाईत 3 मराठा पलटणीत होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात मात्र शेवटची पलटण ‘2 पॅरा’ अशी लिहिली आहे. त्यांची बदली झाली होती का? काश्मीरच्या आणि चीनच्या युद्धांमधल्या काळात सैन्यात नेमके काय चालले होते?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बहुधा बदली झाली नाही, पलटणीचेच नाव बदलले. इटलीत यशवंत घाडगे यांनी जिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून दिला ती ही 3 मराठा पुढे छत्रीधारी (विमानातून पॅराशूटने उतरणारी) झाली, आणि 1952 च्या एप्रिलमध्ये पंजाब व कुमाऊँ रेजिमेंटांच्या एकेका छत्रीधारी पलटणीसह नव्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन ‘2 पॅरा (मराठा)’ झाली.

अशी उलथापालथ त्या काळात सर्वत्र होती. फाळणीने सैन्याची वाटणी झाली होती, आणि 15 जानेवारी 1949 रोजी जनरल करिअप्पांनी सूत्रे घेईपर्यंत सरसेनापतीही इंग्रजच होते. मग 1950 चा सेना कायदा आला, संस्थानांच्या फौजा सामावून घेण्यात आल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची संस्थानी पलटण त्यातूनच 19 मराठा झाली. ‘सरसेनापती’ हे पद 1955 मध्ये ‘लष्करप्रमुख’ झाले, आणि त्याच वर्षी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली.

मात्र घडी बसली म्हणून तयारी झाली, असे मानणे चुकीचे ठरेल. कोरियात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय रक्षक दलाचे नेतृत्व करणारे जनरल थोरात पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना ईशान्य सीमेच्या संरक्षणाबद्दल बजावत होते, पण त्यांच्या आराखड्याला वेळेत प्रतिसाद मिळाला नाही. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यासाठी बेळगावात फौज जमली आणि मोहीम दोन दिवसांत आटोपली. या सोप्या विजयाने डोळ्यांवर थोडी झापड आणली, असे आमचे मत आहे. पुढच्याच वर्षी चीनच्या युद्धात हिमालयातल्या थंडीत आपले जवान थ्री नॉट थ्रीच्या जुन्या रायफली घेऊन उभे होते.

डिस्चार्ज बुकात पलटणीच्या बदलाची तारीख एप्रिल 1952 च्या आसपासची असेल तर तो नामबदल समजावा. तारीख बरीच पुढची असेल, तर आजोबा खरोखरच दुसऱ्या पलटणीतून तिथे गेले असतील.