हातावरच्या दुखऱ्या गाठी आणि शिंगाळ्याचा काटा

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी मालवणची, वय ४३, मासळीचा धंदा, बाजारात बसून गिऱ्हाइकाला मासे साफ करून पण देते. दोन महिन्यांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसला, खूप ठणकलं, हळद दाबली आणि विसरले. तीन आठवड्यांनी तिथेच वाटाण्याएवढी जांभळट गाठ आली, दुखते, मूठ वळत नाही. आता मनगटाच्या वर अजून दोन गाठी, एका ओळीत. एका दवाखान्यात गॅंगलियन म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात वरवंट्याने ठोकून बसव. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर : ताई, आधी तो वरवंटा बाजूला ठेवा. गॅंगलियन असतं तरी ठोकायचं नसतं, पिशवी फुटते आणि परत भरते, वर हाडाला मार लागतो तो वेगळाच.

आणि तुमचं वर्णन गॅंगलियनचं वाटत नाही मला. गॅंगलियन म्हणजे सांध्याजवळची घट्ट जेलीसारख्या पाण्याची पिशवी, बहुतेक वेळा मनगटाच्या पाठीवर येते, वरची कातडी अगदी साधी असते, अंधारात बाजूने मोबाईलचा टॉर्च लावला तर आरपार लालसर उजेड दिसतो. निम्म्याच्या आसपास आपोआप जिरतात. पण काटा लागून काही आठवड्यांनी त्याच जागी जांभळी गाठ आणि मग हातावर वर वर ओळीने गाठी, हे दिसलं की मला पहिला संशय येतो तो मायकोबॅक्टेरियम मरीनम या जंतूचा. टीबीच्या जंतूचा हा भाऊबंद, पण पाण्यात आणि माशांवर राहणारा. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं म्हणून तो हातापायाच्या कातडीत मुक्काम करतो. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा घरात मुलांना जवळ घ्यायला घाबरू नका. कॅन्सरचा विचार सध्या डोक्यातून काढा, तपासणीत ते पण कळेलच.

याच आठवड्यात ओरोसला जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत जा आणि काट्याची गोष्ट स्वतःहून सांगा, हे फार महत्त्वाचं. गाठीचा तुकडा काढून तपासतात, पण नेहमीच्या ३७ अंशांवर हा जंतू नीट वाढत नाही, लॅबला आधी सांगितलं तरच कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) ३० अंशांवर लावतात, आणि रिपोर्टला काही आठवडे लागतात. काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते सोनोग्राफीत बघतील. मातीतल्या एका बुरशीने पण अशाच ओळीने गाठी येतात, म्हणून तपासल्याशिवाय औषध नको. पाच दिवसांच्या गोळ्यांनी हे जात नाही, अँटिबायोटिक तीन-चार महिने आणि गाठी गेल्यावरही महिना-दोन महिने घ्यावं लागतं, मध्येच सोडायचं नाही. कोणी गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो म्हणालं तर तपासणी होईपर्यंत नको म्हणा, त्याने हा जंतू जास्त फोफावतो.

बोट पूर्ण सुजलं, सरळ होईना किंवा ताप आला तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. शुगर असेल तर अजूनच सांभाळा.

तोपर्यंत मासे साफ करायचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या. आणि पुढे कधी शिंगाळ्याचा काटा लागला तर लगेच हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा (पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही), ठणका उतरतो, मग साबणाने धुवून काटा नीट निघालाय ना बघा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.