टेप किंवा फ्लॉपी फॉरमॅट करताना डेन्सिटी (किती दाट लिहायचं ते) चुकीची दिली, तरी फॉरमॅट होतंच ना? मग बिघडतं काय?

"फॉरमॅट होतंच ना?" हे वाक्य मी १९९०-९१ च्या गाळप हंगामात इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

तेव्हा मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. नाव घेत नाही. ऊस तोलायच्या काट्यावर एक पीसी-एक्सटी हा जुना संगणक, ३६० केबीचा ड्राइव्ह. आमच्याकडे त्याच्या पुढची, नवीकोरी पीसी-एटी, १.२ एमबीचा ड्राइव्ह. काट्यावरची उसाची वजनं फ्लॉपीत भरून चिटबॉय (चिठ्ठ्यांची ने-आण करणारा पोरगा) सायकलवरून आमच्याकडे आणायचा, आम्ही पंधरवड्याचं बिल काढायचो आणि सभासदांची दुरुस्त यादी त्याच फ्लॉपीवर परत पाठवायचो.

येताना फ्लॉपी चोख वाचली जायची. जाताना काट्यावरचा एक्सटी निम्म्या वेळा हात वर करायचा. 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' दाखवत बसायचा आणि बाहेर बैलगाड्यांची रांग वाढत जायची.

साहेबांनी आधी चिटबॉयला धरलं, फ्लॉपी घामेजल्या खिशात ठेवतो म्हणून. मग बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) भुकटीला. मग मला. मी सांगत होतो की दोष ड्राइव्हच्या जोडीत आहे. ते एटीवर फॉरमॅटच्या आज्ञेला /४ (३६० केबीची फ्लॉपी करायचा पर्याय) जोडून फ्लॉपी फॉरमॅट करून दाखवायचे आणि पडद्यावरच्या ३,६२,४९६ बाइट्सवर बोट ठेवायचे. "एकही बॅड सेक्टर नाही. अजून काय पाहिजे?"

/४ ने ट्रॅक (फ्लॉपीवरची गोल वर्तुळं) चाळीस होतात, प्रत्येकाचे सेक्टर, म्हणजे तुकडे, नऊ होतात, हे खरं. पण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडची रुंदी बदलत नाही! १.२ एमबीचा ड्राइव्ह इंचाला ९६ ट्रॅक लिहितो, ३६० चा ४८. म्हणजे एटीचं हेड साधारण अर्ध्या रुंदीचं. एक्सटीने लिहिलेल्या रुंद पट्ट्यावर एटी मधोमध अरुंद पट्टा लिहिते, कडेचं जुनं तसंच राहतं. दहा फुटी रस्त्यावर मधले पाच फूट नवं डांबर टाकावं तसं. अरुंद हेडला फक्त डांबर दिसतं, म्हणून एटीवर सगळं आलबेल. एक्सटीचं रुंद हेड मात्र नवं आणि जुनं एकदमच वाचतं, आणि त्याला धड काहीच कळत नाही. ज्या ड्राइव्हने लिहिलं त्यालाच "बरोबर लिहिलंस का" विचारायचं, असली ही तपासणी.

उपाय गावातच निघाला. कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराकडे टेप पुसायचं यंत्र होतं. त्यावरून दहा फ्लॉप्या फिरवून आणल्या, एटीवर /४ ने फॉरमॅट केल्या आणि त्यांवर लाल पट्टी लावली. नियम एकच, लाल फ्लॉपीवर काट्याने कधीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. वजनांसाठी फ्लॉप्या वेगळ्या. उरलेल्या हंगामात एकदाही अडलं नाही. मला मात्र मेमो मिळाला, 'परवानगीविना कार्यालयीन साहित्य खासगी दुकानात नेल्याबद्दल'.

पुढच्या वर्षी साहेबांनी "भारी माल" म्हणून काट्यासाठी हाय डेन्सिटी फ्लॉप्या मागवल्या. तो मूर्खपणाच होता. सव्वापाच इंची डीडी (डबल डेन्सिटी, ३६० केबीची) फ्लॉपीचा चुंबकी थर सुमारे ३०० ओर्स्टेडचा, एचडीचा (हाय डेन्सिटीचा) ६०० च्या आसपास; आकडा मोठा तितकं लिहायला जोर जास्त. ३६० च्या ड्राइव्हचा लिहिण्याचा करंट त्या थराला पुरत नाही. उलट, डीडी फ्लॉपी १.२ एमबीला फॉरमॅट केली तर बॅड सेक्टरांचा सडा पडतो, ते निदान लगेच दिसतं तरी.

साडेतीन इंचीत डेन्सिटीसाठी वेगळं भोक असतं, म्हणून ७२० केबीच्या फ्लॉपीला सोल्डरिंगच्या बंदुकीने भोक पाडून १.४४ करणारे महाभाग खूप होते. अशा फ्लॉपीवर मी लग्नपत्रिकेचा मजकूरही ठेवणार नाही. (काहींच्या वर्षानुवर्षं चालल्या, हेही खरं. साडेतीन इंचीत दोन्ही थरांत तेवढा फरक नसतो.)

टेपचं राहिलंच. अर्धा इंची नऊ-ट्रॅक टेपला फ्लॉपीसारखं फॉरमॅट नसतंच. डेन्सिटी ठरते ती सुरुवातीच्या चकचकीत पट्टीपाशी, पहिल्यांदा लिहिताना. १६०० आणि ६२५० बीपीआयला (बीपीआय म्हणजे इंचाला किती बिट) तिथे ओळखखूण लिहिली जाते, ८०० ला ती नसते. मधेच बदलता येत नाही. ६२५० च्या रिळावर सुरुवातीपासून १६०० ने लिहिलंत, तर मागचा डेटा गेला असंच समजा. चूक करायची असेल तर रिळामागची, लिहू देणारी रिंग काढूनच करा, म्हणजे लिहिलंच जाणार नाही.

तुम्हाला जुन्या फ्लॉप्या नुसत्या वाचायच्या असतील तर फॉरमॅटच्या वाटेला जाऊच नका. १.२ चा ड्राइव्ह ३६० च्या फ्लॉप्या छान वाचतो. आधी लिहिणं बंद करा. सव्वापाचवर खाच झाकायची, साडेतीनवर भोक उघडं ठेवायचं. उलटं केलंत तर मला विचारू नका.

साहेबांचे चिरंजीव इथे उत्तरं लिहितात असं ऐकलंय. बाबांना एवढंच विचारा, ती फॉरमॅट केलेली फ्लॉपी त्यांनी एकदा तरी काट्यावर नेऊन लावली होती का?