ब्राइन श्रिम्पची अंडी मीठपाण्यात घातली, पण काहीच निघत नाही. फायटर माशाची पिल्लं पोहायला लागलीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की माशांच्या दुकानातून अंड्यांची सुटी पुडी आणली, मीठपाण्यात घातली, एअर पंप लावला आणि दोन दिवसांनी बाटलीतून नुसता वास यायला लागला. मीठ कमी-जास्त करून पाहिलं, तरी तेच. मी तुमच्या जागी असतो तर मिठाला हात न लावता आधी अंडी तपासली असती. ब्राइन श्रिम्प म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची नुकती निघालेली पिल्लं माशांच्या पिल्लांना खायला घालतात. खारटपणाच्या बाबतीत हा जीव भलताच सोशिक आहे. दमट हवेपुढे मात्र त्याच्या अंड्यांचं काही चालत नाही.

बाजारात मिळणारी बरीचशी अंडी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. थंडीच्या तोंडावर तिथली आर्टेमिया (ब्राइन श्रिम्पचं शास्त्रीय नाव) जाड कवचाची अंडी सोडते. ती पाण्यावर तरंगतात, त्यांचे तांबूस पट्टे विमानातूनही दिसतात. मग बोटी जाऊन ती गोळा करतात, धुऊन वाळवतात आणि हवाबंद डब्यात भरतात. आतला जीव थांबलेला असतो आणि कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण जरा ओल लागली की तो अर्धवट जागा होतो, साठवलेली ताकद खर्च करतो आणि पुरेसं पाणी न मिळाल्यामुळे आतल्या आत मरतो. आता आपल्याकडचा दुकानदार काय करतो? मोठा डबा फोडतो, चमच्याने पुड्या बांधतो आणि उरलेला डबा काउंटरवर ठेवतो. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात अशा डब्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पुडीतली अंडी दिसायला मात्र ताज्यासारखीच तपकिरी पूड असते.

तपासायला सोपं आहे. वाटीभर मीठपाण्यात चिमूटभर अंडी टाका, वाटी उबदार जागी ठेवा आणि भिंगातून बघत राहा. कोरडं अंडं एका बाजूने दबलेलं असतं, तास-दोन तासांत ते फुगून गोल होतं. त्यावर खूश होऊ नका, मेलेलं अंडंही फुगतं. खरी खूण पंधरा-वीस तासांनी दिसते. कवच तडकतं आणि त्याखाली पातळ पडद्यात एक नारिंगी थेंब लोंबकळतो, उघड्या छत्रीखाली कोणी उभं असावं तसा. थोड्या वेळाने पडदा फाटतो आणि झटके देत पोहणारा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा ठिपका सुटा होतो. ३६ तासांत एकही छत्री दिसली नाही तर पुडी टाकून द्या. मीठ, सोडा, दिवा, कशानेही ती सुधारणार नाही.

नवीन घेताना सीलबंद छोटा डबा घ्या, ज्यावर शेकडा किती अंडी उबतात ते छापलेलं असतं. घरी आणल्यावर छोट्या हवाबंद बाटल्यांत वाटून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड अंड्यांवर दव धरतं आणि आपणच ओल लावून मोकळे होतो.

बाकी मांडणीचा लोक उगाच बाऊ करतात. थंड पेयाची लिटरची बाटली तळ कापून उलटी उभी करा आणि एअर पंपची नळी वरून खाली बुचापर्यंत सोडा. नळीच्या टोकाला एअर स्टोन (बारीक छिद्रांचा दगड) लावू नका. त्याच्या बारीक बुडबुड्यांनी फेस होतो, अंडी वर उडून बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथेच वाळतात. मोकळ्या नळीचे मोठे बुडबुडे हवेत, एकही अंडं तळाशी बसून राहू नये इतके. दिवे जात असतील तर नळीत चेक व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाला, नाहीतर मीठपाणी उलटं पंपात शिरेल.

मीठ लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातलं खडे मीठ उत्तम, आयोडीनचंही चालतं. (आपलं मीठ या जिवाला परकं नाही. वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची नोंद १९५०च्या दशकातली आहे.) आरओचं पाणी वापरत असाल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, कारण पाणी पीएच ८च्या वर लागतं. तापमान २६ ते २८ अंश. पुण्यात डिसेंबरच्या रात्री तेवढं मिळत नाही, तेव्हा बाटली हीटर असलेल्या टाकीतच उभी करा. पहिले काही तास वर दिवा चालू ठेवा, उजेड मिळाल्याशिवाय अंडी नीट जागी होत नाहीत. आणि अंडी मोजकीच, पाव चमचा. एका ग्रॅममध्ये अडीच लाखांच्या आसपास असतात, तुमची शंभर-दोनशे पिल्लं एवढं खाऊ शकत नाहीत.

चोवीस तासांनी पाणी नारिंगी दिसू लागलं की पंप बंद करा आणि बुचाजवळ टॉर्च धरा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात, श्रिम्पची जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. दहा मिनिटांत काम उरका, दाटीवाटीत त्यांना ऑक्सिजन पुरत नाही. नळीने ओढताना आधीची न उबलेली अंडी फेकून द्या, मग नारिंगी भाग जुन्या सुती रुमालातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं फायटरच्या पिल्लांच्या पोटात अडकू शकतात, म्हणून वरचा तपकिरी थर ओढू नका.

खायला घालायची घाई करा. नुकत्या निघालेल्या श्रिम्पला तोंड आणि आतडं उघडलेलं नसतं, तो स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगत असतो आणि माशाला हवं ते तेच. कात टाकली की बलक संपत आलेला असतो. सगळी लगेच संपणार नसतील तर उरलेली मीठपाण्यात फ्रीजमध्ये ठेवा, दीड-दोन दिवस चालतात. टाकीत ड्रॉपरने थोडी थोडी सोडा. गोड्या पाण्यात ती काही तास जगतात, मग मरून तळाशी कुजतात. अंदाज फायटरच्या पिल्लांच्या पोटावरून घ्यायचा: पोट नारिंगी आणि टम्म दिसलं की थांबायचं, शेपटीकडे पांढरं पडलं की पुन्हा.

नवीन डबा येऊन अंडी उबेपर्यंत दोन-तीन दिवस जातील आणि पिल्लं तोवर थांबणार नाहीत. जुन्या टाकीतला फिल्टरचा स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते गढूळ पाणी थोडं थोडं द्या, किंवा ओळखीत कोणाकडे मायक्रोवर्मचं (पिल्लांना घालायच्या बारीक किड्यांचं) कल्चर असेल तर चमचाभर मागून आणा. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, एका रात्रीत पाणी सडतं. आणि दुकानदार पुडी बदलून द्यायला तयार झाला तर त्याच उघड्या डब्यातली पुन्हा घेऊ नका, पैसे परत मागा.