कोल्हापूरहून खाजगी जेटची मेंबरशिप: ६२ लाखांत नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातले एक फाउंड्री मालक, वय ५२. शिरोली आणि कागलला दोन युनिट, वर्षाची उलाढाल ९० कोटी, करपूर्व नफा विक्रीच्या ८ टक्के. ट्रॅक्टर आणि ट्रक कंपन्यांना कास्टिंग पुरवतात, त्यामुळे चाकण, बंगळूरजवळचं होसूर आणि इंदूरजवळचं पिथमपूर इथे सारखं जावं लागतं. एका चार्टर कंपनीने त्यांना जेट कार्ड, म्हणजे आगाऊ पैसे भरून विमानाचे तास घ्यायची मेंबरशिप, देऊ केलं आहे. ५ लाख प्रवेश शुल्क, २५ उड्डाण-तास, तासाला १ लाख ९० हजार, वर जीएसटी. मुदत एक वर्ष, उरलेले तास बुडीत. वेळ वाचेल, दगदग कमी होईल, वडील ७८ वर्षांचे आणि हृदयरोगी असल्याने अडीअडचणीला विमान हाताशी राहील आणि वर्षातून एकदा घरच्यांना तिरुपतीही होईल, असा त्यांचा विचार आहे. घ्यावं का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन्ही कोटेशन, ताळेबंद आणि वर्षभराच्या फेऱ्यांची यादी जोडलीत, म्हणून मोघम न बोलता आकड्यांवर बोलता येतंय. माझं मत आधीच सांगतो: ही मेंबरशिप घेऊ नका. एखाद्या वेळी चार्टर विमान घ्यायला माझी हरकत नाही, वर्षाचे पैसे आगाऊ भरायला आहे.

प्रवेश शुल्क आणि २५ तासांचे मिळून ५२ लाख ५० हजार होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ९ लाख ४५ हजार. एकूण ६१ लाख ९५ हजार. लँडिंग, पार्किंग, हँडलिंग आणि क्रूचा मुक्काम ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ वेगळा, तो धरलेलाच नाही. विक्री प्रतिनिधीने तुम्हाला जीएसटीचं क्रेडिट मिळेल असं सांगितलंय. जीएसटी कायद्याचं कलम १७(५) तुमच्या सीएंबरोबर बसून वाचा. प्रवासी वाहतूक, माल वाहतूक किंवा वैमानिक प्रशिक्षण हा ज्यांचा धंदा आहे ते सोडून इतरांना भाड्याने घेतलेल्या विमानावरचं क्रेडिट त्यात अडवलेलं आहे. फाउंड्रीला ते मिळेल असं धरून चालू नका. ते साडेनऊ लाख हा तुमचा निव्वळ खर्च आहे.

आता २५ तासांकडे येऊ, कारण सगळा निर्णय तिथेच आहे. त्या कंपनीचं विमान मुंबईत उभं असतं. तुम्हाला होसूरला जायचं तर ते आधी रिकामं कोल्हापूरला येणार, पाऊण तास. मग कोल्हापूर ते बंगळूर सव्वा तासाच्या आत, समजा १ तास १० मिनिटं. परत तेवढंच. तुम्हाला उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, उतरवून ते पुन्हा रिकामं मुंबईला जाणार, पाऊण तास. घड्याळ ३ तास ५० मिनिटं चालतं आणि तुम्ही आत बसता २ तास २० मिनिटं. पुण्याला सोडायला गेलेल्या टॅक्सीचं परतीचं भाडं आपण देतो तसंच हे, फक्त इथे रिकामी फेरी दोन्ही टोकांना आहे. कराराच्या चौथ्या पानावर ‘पोझिशनिंग सभासदाच्या तासांतून वजा’ असं जे लिहिलंय, त्याचा अर्थ हा.

या हिशेबाने २५ तासांत होसूरच्या सहा फेऱ्या होतात आणि दोन तास उरतात. त्या दोन तासांत सातवी फेरी बसत नाही, म्हणजे ते बुडाले. एक फेरी पडली १० लाख ३० हजारांच्या वर. आणि प्रत्यक्ष आत बसलेल्या तासांनी भागलं तर १ लाख ९० हजारांचा दर ४ लाख ४० हजारांच्या पुढे जातो. तुमची तुलना या दराशी व्हायला हवी, ब्रोशरमधल्या दराशी नाही.

ही कल्पना मुळात चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत नेटजेट्सने १९८६ मध्ये विमानाची मालकी वाटून घ्यायची पद्धत सुरू केली, १९९८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती कंपनी विकत घेतली, आणि जेट कार्ड ही पुढे त्याच विचारातून आलेली सोय. तिथे ती चालते याला कारण आहे. शेकडो विमानं देशभर पसरलेली असतात, सार्वजनिक वापराचे विमानतळच सुमारे ५ हजार आहेत. सभासदाच्या जवळ कुठलं तरी विमान सापडतं, म्हणून रिकाम्या फेरीचा भार कंपनी स्वतःवर घेऊ शकते. आपल्याकडे चार्टर कंपन्यांच्या ताफ्यात मोजकी विमानं असतात आणि ती बहुतेक मुंबई किंवा दिल्लीत मुक्कामाला असतात. मुंबईतल्या उद्योजकाला हेच कार्ड बऱ्यापैकी परवडू शकेल. कोल्हापूरच्या उद्योजकाला तेच कार्ड जवळजवळ दुप्पट महाग पडतं, आणि त्यात घासाघीस करून फारसं काही सुटत नाही, कारण अंतर घासाघीस ऐकत नाही.

वेळेचाही मुद्दा आहे. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ असं प्रतिनिधी म्हणतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर गर्दीच्या तासांत खाजगी विमानांवरचे निर्बंध वाढवले गेले. तुमचं विमान मुंबईतून निघणार आणि मुंबईतच परतणार, म्हणजे कोल्हापुरातून निघायची वेळ मुंबईच्या स्लॉटवर ठरणार. पावसाळ्यात ढग खाली आले तर विमान दुसरीकडे वळणार, आणि त्या वळणाचे तासही तुमचेच.

वाचलेल्या वेळाची किंमत मात्र प्रामाणिकपणे धरायला हवी, कारण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. होसूरला सध्या दोन दिवस जातात, जेटने एक जाईल. शिवाय खाजगी विमानाला बंगळुरात एचएएलचा जुना विमानतळ मिळू शकतो आणि तिथून होसूर देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळापेक्षा बरंच जवळ आहे. हा फायदा खरा आहे. पण मोजू. तुमचा करपूर्व नफा ७ कोटी २० लाख. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला २ लाख ४० हजार. दोन्ही युनिटमधले सगळे कामगार, भट्ट्या, मशीनशॉप यांचा वाटा शून्य धरून सगळा नफा एकट्या तुमच्या दिवसाच्या नावावर टाकला, तरी तुमचा दिवस २ लाख ४० हजारांचा होतो. तो वाचवायला तुम्ही सध्याच्या ६० हजारांच्या जागी १० लाख ३० हजार मोजणार. ८ टक्के नफ्यावर ६२ लाख मिळवायला पावणेआठ कोटींचं कास्टिंग ओतून, घासून, तपासून पाठवावं लागतं. एखादी मोठी ऑर्डर त्या एका दिवसावर खरोखर अडली असेल तर तेवढ्या दिवसापुरतं विमान घ्या, मी अडवणार नाही. वर्षातले सहा दिवस तसे असतील, असं तुमच्या यादीवरून दिसत नाही.

ती यादी मी दोनदा वाचली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती एका ओळीची. मागच्या पावसाळ्यात चाकणहून रात्री परतताना कराडच्या अलीकडे ड्रायव्हरला डुलकी लागली, असं तुम्ही लिहिलंय. वहिनी तेव्हापासून जागत बसतात, असंही. मला वाटतं जेटचा विचार त्या रात्री सुरू झाला. पण तुमच्याच नोंदीप्रमाणे वर्षात १८ फेऱ्या चाकणच्या आहेत, होसूर आणि पिथमपूर मिळून १०. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथे खाजगी विमानाला परवानगी आणि वेळ दोन्ही मिळवावं लागतं. आणि सव्वादोनशे किलोमीटरसाठी मुंबईहून विमान मागवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. ज्या रस्त्याची घरच्यांना धास्ती आहे, त्या रस्त्यावरून ही मेंबरशिप तुम्हाला एकदाही उचलत नाही. त्याला उपाय साधे आहेत आणि ते आजपासून करा: संध्याकाळी सातनंतर चाकण सोडायचं नाही, मुक्काम करायचा. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू असेपर्यंत तरी यात सूट नको.

दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. २८ फेऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त फेऱ्यांचं कारण तुम्ही ‘क्वालिटी तक्रार’ लिहिलंय. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघाले, लाइनवर रिजेक्शन आलं, की मालकाने स्वतः धावायचं. गिऱ्हाइकाला तुमचा शब्द हवा असतो, हे मला कळतं. वीस वर्षांत तो शब्द तुम्ही कमावलाय. पण चाकणमध्ये राहणारा, मेटलर्जी जाणणारा, गिऱ्हाइकाच्या लाइनवर तासाभरात पोहोचणारा एक वरिष्ठ माणूस ३० ते ३५ लाखांत नेमता येतो. त्याला निर्णयाचे अधिकार द्या: किती माल परत घ्यायचा, किती बदलून द्यायचा, हे त्याने तिथेच ठरवावं. पहिले सहा महिने फोन तुम्हालाच येतील. नंतर कमी होतील. दर महिन्याला दीड फेरीने रस्ता तुडवण्याचं कारणच कमी करणारा खर्च मला त्याच फेऱ्या अधिक महागात करणाऱ्या खर्चापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

वडिलांबद्दल. जेट कार्ड म्हणजे एअर अ‍ॅम्ब्युलन्स नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाका. रुग्णाला नेणाऱ्या विमानात स्ट्रेचर, ऑक्सिजन, मॉनिटर आणि सोबत डॉक्टर लागतो. तुमच्या करारातल्या सहा आसनी विमानात यातलं काही नाही, आणि ते मुंबईहून निघणार. हृदयाचा झटका आला तर पहिला तास कोल्हापुरातल्याच हॉस्पिटलचा आहे. कुठल्या कॅथलॅबमध्ये न्यायचं, रात्री कोणाला फोन करायचा, हे घरात प्रत्येकाला पाठ हवं. त्याशिवाय १५ लाख लिक्विड फंडात वडिलांच्या नावाने बाजूला ठेवा, म्हणजे पुढे हलवायची वेळ आली तर पैशासाठी कोणी थांबणार नाही. एवढं केलंत की या चिंतेसाठी मेंबरशिप लागत नाही.

तिरुपतीची फेरी कंपनीच्या कार्डावर मुळीच करू नका. आयकरात खर्च वजा मिळायला तो पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला लागतो. कुटुंबाची एक फेरी त्या तासांत मिसळली की बाकीच्या तासांवरही प्रश्न उभे राहतात, शिवाय ती संचालकाला मिळालेली सवलत म्हणून तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. बालाजीला स्वतःच्या पैशाने जा.

आगाऊ रकमेची जोखीम वेगळीच. ६२ लाख भरले की वर्षभर तुम्ही त्या कंपनीचे विनातारण सावकार. अमेरिकेत जेटसूट २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा आगाऊ पैसे भरलेले सभासद अडकले. व्हील्स अप २०२३ मध्ये बुडता बुडता डेल्टा एअरलाइन्स आणि इतर गुंतवणूकदारांच्या पैशावर तरली. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडल्यावर तिकिटांचे पैसे परत मिळवायला लोकांनी काय हेलपाटे घातले, ते आपण पाहिलंच. दिवाळखोरीच्या रांगेत बँका पुढे असतात, आगाऊ भरणारा गिऱ्हाईक खूप मागे. तुमच्या कोटेशनवर नाव आहे एका मध्यस्थ कंपनीचं. विमान उडवायचा, डीजीसीए या सरकारी नियामकाचा परवाना, म्हणजे एनएसओपी, दुसऱ्याच कंपनीकडे आहे. त्यातून तुमची बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट ८० टक्के वापरात. हे पैसे तिथूनच जाणार, म्हणजे १० टक्क्यांनी वर्षात सहाएक लाख व्याज वर.

मग विमानाची गरज लागलीच तर? तुम्ही जोडलेलं दुसरं कोटेशन बघा, एकेका फेरीचं. तेच विमान, तासाला २ लाख १० हजार. दर जास्त दिसतो, पण ३ तास ५० मिनिटांचे जीएसटीसह साडेनऊ लाख होतात, कार्डापेक्षा ८० हजारांनी कमी, कारण प्रवेश शुल्क नाही आणि बुडणारे तास नाहीत. त्याच पानावर किंग एअर बी-२०० हे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान, तासाला १ लाख १५ हजारांत आहे. ते सावकाश जातं, रिकाम्या फेऱ्या धरून ४ तास ५० मिनिटं लागतील, तरी जीएसटीसह साडेसहा लाखांच्या आसपास. तुम्ही, मार्केटिंगचा माणूस, पॅटर्नचा (साच्याचा) माणूस, क्वालिटी हेड आणि आणखी एक असे पाच जण एकत्र गेलात तर माणशी १ लाख ३० हजार पडतात. नवीन पार्टची मंजुरी घ्यायला सगळ्यांनी एकाच दिवशी जायचं असेल तर हा खर्च मी मान्य करीन. संचालक मंडळात वर्षाला १५ लाखांची मर्यादा ठरवा आणि प्रत्येक वेळी कारण लिहून ठेवा.

ऑफर महिनाअखेरीपर्यंतच आहे, असं प्रतिनिधी सांगतोय. त्याला उलट विचारा: १० तासांचं कार्ड देता का, रिकामी फेरी तुमच्या खर्चात घेता का, पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवता का, आणि उरलेले तास पुढच्या वर्षी चालतील का. चारही गोष्टी लेखी मान्य झाल्या तर तो करार मला पाठवा, मी पुन्हा हिशेब मांडून देईन. तोपर्यंत चेक देऊ नका.